इतिवृत्ताची वही

कॉलेजात नोकरीला लागले आणि पहिल्याच बैठकीत इतिवृत्ताची वही माझ्या पुढ्यात आली. "मॅडम, तुमचं अक्षर छान आहे." तेव्हा बरं वाटलं होतं. पुढची अकरा वर्षं ती वही माझ्याकडेच राहिली. ठराव उतरवून घेणाऱ्याला त्या ठरावावर बोलायला सवडच मिळत नाही, हे कळायला मला फार उशीर झाला.

वसतिगृह, तक्रार निवारण, सांस्कृतिक कार्यक्रम, पाहुण्यांचं स्वागत ही कामं बाईंकडे. खरेदी, बांधकाम, परीक्षा, अर्थसंकल्प सरांकडे. असा नियम कुठेही लिहिलेला नसतो. आणि मग प्राचार्यपदाच्या मुलाखतीत विचारतात, "आर्थिक कामकाजाचा अनुभव?" मलाही विचारलं. खरेदी समितीचे कितीतरी ठराव माझ्या अक्षरात होते, पण समितीत माझं नाव एकदाही नव्हतं. मी गप्प बसले. ती शांतता अजून आठवते.

"बायकांनाच पदं नको असतात" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. नकार देणाऱ्या असतात, खरंय. पण संध्याकाळी सहाला सुरू होऊन कधी संपेल ते माहीत नसलेल्या बैठका दुपारी बाराला घ्या, आणि मग किती जणी नाही म्हणतात ते मोजा.

हंसा मेहता 1949 मध्ये बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, 1948 मध्ये! 1636 साली स्थापन झालेल्या हार्वर्डला पहिली महिला अध्यक्ष मिळाली 2007 मध्ये, ऑक्सफर्डला पहिली महिला कुलगुरू 2016 मध्ये. म्हणजे काळ पुढे गेला की हे आपोआप होतं, असं नाही. कुणीतरी ठरवावं लागतं.

नेतृत्वाच्या कार्यशाळा मी भरपूर केल्या. तिथे आत्मविश्वास शिकवतात. माझ्याकडे आत्मविश्वास होता, अंदाजपत्रक कधी हातात आलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या पाच-सात वर्षांतच बाईला पैशाच्या समितीवर घ्या. प्रभारी पदं दोघातिघांत बसून वाटू नका, सगळ्यांकडून अर्ज मागवा. आणि इतिवृत्त पाळीपाळीने लिहा, हे तर उद्यापासून करता येईल.

विभागप्रमुख झाल्यावर मी एका तरुण सहकारी मॅडमचं नाव खरेदी समितीसाठी सुचवलं. "जमेल का त्यांना?" असं विचारलं गेलंच. दुसऱ्याच बैठकीत तिने प्रयोगशाळेच्या उपकरणांचा तुलनात्मक तक्ता बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सर, सगळ्यात कमी दराच्या या कोटेशनमध्ये देखभालीचा खर्च धरलेलाच नाही." तक्ता पुन्हा करायचं ठरलं. त्या दिवशी वही एका ज्येष्ठ सरांकडे होती. त्यांनी तिला वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि जसंच्या तसं, तिच्या नावासकट, उतरवून घेतलं.