ओनागावात समुद्र दिसतो

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने बंधाऱ्याचं गुऱ्हाळ चालू आहे. गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, वाडी पुळणीपासून हाकेच्या अंतरावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या सुपाऱ्या कडाकड मोडल्या. नंतर लावलेल्या रोपांना आता कुठे फळ धरू लागलंय. त्यामुळे किनाऱ्यावर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा येणार म्हटल्यावर पनवेलचा दादा खूश. होमस्टे चालवणारा चुलतभाऊ म्हणतो, बंधारा आला की पुळण जाते, मग माझ्याकडे कोण कुत्रं येणार? आप्पा दोघांनाही गप्प बसवतात. आणि वाद फारच चिघळला की कुणीतरी लिहितंच, 'जपानला बघा! ताईला विचारा.'

ताई म्हणजे मी. अकरा वर्षं तोक्योच्या निशिकासाईत, जिथे भाजीला बाहेर पडलं तरी दोन मराठी माणसं भेटतात. आमच्या एदोगावा वॉर्डाची बरीचशी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराच्या धोक्याचा नकाशा काढला, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्याच भागावर ठळक छापलं होतं, 'इथे थांबू नका.' आपल्याकडे असं छापलं असतं तर बिल्डरांनी मोर्चा काढला असता.

तर 'जपानला बघायला' मीच गेले. मियागी प्रांतातलं ओनागावा. सेंदाईहून इशिनोमाकी, तिथून छोटी डिझेल गाडी, शेवटचं स्टेशन. लोहमार्ग इथेच संपतो, पुढे थोड्या अंतरावर बंदर.

११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. इथे पाणी १४.८ मीटर चढलं. तेव्हा गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, त्यातले ८२७ गेले किंवा सापडलेच नाहीत. म्हणजे बारा माणसांमागे एक. आमच्या वाडीच्या आळीत तीस-पस्तीस माणसं राहतात. हिशोब केला आणि पुढे करवेना.

नवं स्टेशन वास्तुरचनाकार शिगेरू बान यांचं. पांढरं छप्पर पंख पसरलेल्या उमिनेको पक्ष्यासारखं. उमिनेको म्हणजे शब्दशः समुद्रमांजर, कारण तो मांजरासारखा ओरडतो. स्टेशनातच गरम पाण्याचं स्नानगृह आहे आणि दारात फुकट पाय शेकायची सोय. पाय पाण्यात सोडून समोर बघितलं तर विटांचा रुंद रस्ता सरळ उतरत जातो, दोन्ही बाजूंना लाकडी बैठी दुकानं आणि टोकाला समुद्र. आडवं काही नाही. नववर्षाचा सूर्य याच रेषेत उगवावा अशी आखणी केलीय म्हणे. नवससायास करावे तशी ही माणसं आखणी करतात.

ग्रुपवर ज्या जपानचा दाखला देतात, तो भिंतींचा जपान खरा आहे. त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर सुमारे चारशे किलोमीटर भिंती उभ्या राहिल्या. काही गावांत रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही, फक्त काँक्रीट. पण उत्तरेला तारो नावाचं गाव आहे, तिथे २०११ च्या आधीच दहा मीटर उंच, जवळपास अडीच किलोमीटर लांब भिंत होती आणि ती बघायला लोक परदेशातून येत. लाट तिच्यावरून आत आली. ओनागावाने समुद्र झाकणारी भिंत नको असं ठरवलं. डोंगर कापून त्यावर घरं नेली, निघालेल्या मातीने खालची जमीनच उचलली आणि दुकानं, कारखाने, मासळीबाजार तिथे ठेवले. झोपायचं वर, कमवायचं खाली.

खाली चालत गेले की उलटलेली पोलीस चौकी दिसते. १९८० सालची, दुमजली, काँक्रीटची. परतीच्या पाण्याने तिला पायासकट उपटून आडवी टाकली. मुद्दाम तशीच ठेवलीय. भोवतीची जमीन उचलल्यामुळे ती आता खड्ड्यात आहे, उतारावरून गोल फिरत बघायची. पायाचे खांब दात उपटल्यासारखे तुटलेले, सळया वाकलेल्या. मी तिथे सगळ्यात जास्त वेळ उभी होते. इमारतीचा तळ आपण एरवी कधी बघतो?

जवळच टेकडी आहे, वर इस्पितळ. भूकंपानंतर किनाऱ्यालगतच्या एका बँकेच्या शाखेतले कर्मचारी टेकडीवर न जाता इमारतीच्या छतावर गेले. त्यातले बारा जण वाचले नाहीत. टेकडीपर्यंतचं अंतर तुम्ही स्वतः चालून बघा. मी बघितलं.

दुपारी एका लहानशा खानावळीत भातावर मासे खाल्ले. मालकीणबाईंनी कुठल्या म्हणून विचारलं. भारत म्हटल्यावर म्हणाल्या, 'तेव्हा तुमचे लोक आले होते.' मला उगाच भरून आलं. मार्च २०११ च्या अखेरीस एनडीआरएफची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, ४६ जणांची तुकडी इथे बेपत्ता माणसं शोधायला आली होती. दलाचं परदेशातलं हे पहिलंच काम, तेही कडाक्याच्या थंडीत. आपल्याकडे ही गोष्ट कुणाला फारशी आठवत नाही. त्या बाईंना आठवते.

आता ग्रुपला काय सांगायचं? 'जपानी शिस्त' हा शब्द मला अलीकडे टोचतो. शिस्तीच्या नावाखाली आपण हात झटकून मोकळे होतो. शिवाय ओनागावाचं सगळं गोड नाही. गावाजवळ अणुवीज प्रकल्प आहे, त्याच्या करामुळे गावाच्या तिजोरीत पैसा होता. हा प्रकल्प लाटेतून वाचला आणि घर गेलेली माणसं त्याच्याच व्यायामशाळेत राहिली, हेही खरं. डोंगर कापून होईपर्यंत वर्षं गेली आणि तोवर कित्येक कुटुंबं इशिनोमाकीला, सेंदाईला जाऊन रुजली. आज वस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. सुंदर रस्त्यावर मी चालत होते तेव्हा पर्यटक जास्त, गावकरी कमी.

तरी एक गोष्ट मला घेऊन यावीशी वाटली. त्सुनामीनंतर साधारण महिन्या-सव्वा महिन्यातच गावातले व्यापारी, कोळी, कारखानदार एकत्र बसले आणि त्यांच्यातल्या साठी उलटलेल्या म्होरक्याने सांगितलं, साठीच्या वरच्यांनी आता तोंड घालायचं नाही. गाव उभं राहायला दहा वर्षं, त्याचं फळ दिसायला वीस. तेव्हा जे असतील त्यांनीच ठरवावं. त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडून आलेले महापौर एकोणचाळीस वर्षांचे होते. शाळकरी मुलांनी तर वर्गणी काढून, लाट जिथवर आली त्याच्या वर, एकवीस दगड रोवले. हजार वर्षांनी येणाऱ्यांसाठी निरोप, की भूकंप झाला तर या दगडाच्या वर पळा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी केलेलं हे.

किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. चौकोनी आखणी, सरळ रस्ते, आणि शेत, गोठा, देऊळ यांच्यापासून तुटलेली घरं. तिथल्या पोरांना कुणी काही विचारलं होतं का, हे मी कधी वाचलं नाही. आमच्या बंधाऱ्याचा आराखडाही अजून गावात कुणी पाहिलेला नाही. ग्रुपवर सगळे भांडतायत ते न पाहिलेल्या दगडांवरून.

परतीच्या गाडीत मी चौकीचा फोटो टाकला आणि खाली साठीवाल्यांची गोष्ट लिहिली. दादाने लगेच टाळ्या टाकल्या. मग संध्याकाळभर कुणी काही बोललं नाही. रात्री आप्पांचा फोन आला. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे.

'साठीच्या वरच्यांनी बोलू नये, हे साठीच्या वरच्यानेच सांगितलं ना?'

'हो आप्पा.'

'मग तो निर्णय त्याचा. तुम्ही पोरं आम्हाला ते सांगू नका.' थोडं थांबून म्हणाले, 'आणि ती पोरं गावात राहत होती.'

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. दादा पनवेलला, मी निशिकासाईत. गावात राहतात आई-आप्पा आणि होमस्टेवाला चुलतभाऊ, जो ग्रुपवर सगळ्यात कमी लिहितो. मी त्याला वेगळा मेसेज केलाय, बंधाऱ्याचा नकाशा मिळतो का बघ म्हणून. दोन निळ्या खुणा आल्यात.