शेव सादळली? वर्कशॉप घ्या!

इंदूरला तुमचा नमकीनचा कारखाना आहे, पावसाळा लागला की शेव सादळते आणि देवास-उज्जैनचे दुकानदार पेट्याच्या पेट्या परत धाडतात? मग तोंड पाडून बसू नका. मशीनपाशी जाऊन उभं राहायचे दिवस गेले. हल्ली अशा वेळी वर्कशॉप घेतात, म्हणजे माणसं जमवून एकत्र तोडगा शोधायला बसतात.

मूळ कृती पाच दिवसांची आहे. गूगलमध्ये काम करणाऱ्या जेक नॅप यांनी २०१० मध्ये ती बसवायला घेतली. सोमवारी प्रश्नाचा नकाशा काढायचा, मंगळवारी ज्याने त्याने आपापला तोडगा कागदावर मांडायचा, बुधवारी त्यातला एक निवडायचा, गुरुवारी त्याचा कामचलाऊ नमुना करायचा आणि शुक्रवारी तो पाच खऱ्या ग्राहकांच्या हातात द्यायचा. पाच दिवस कुणाला आहेत? आपण दीड दिवसात उरकू. आधी शुक्रवार उडवा, ग्राहक म्हटलं की कटकट आलीच. मग गुरुवार उडवा, कारण नमुना करायचा तर कुणाचे तरी हात बेसनात जाणार. उरलं काय, तर भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं. ते मात्र मन लावून करा.

जागा विजयनगरच्या हॉटेलातला एसी हॉल. कारखाना सांवेर रोडला असला म्हणून काय झालं? तिथे तेलाचा वास, मशीनचा खडखडाट, माणसाला सुचणार काय! सकाळी पोहे-जिलेबी हवीच, पोह्यांवर जीरावण मसाला हवा आणि वरून शेवही हवी. शेव मात्र दुसऱ्या दुकानातून मागवा. आपल्या शेवेचा प्रश्न अजून सुटायचाय.

वर्कशॉप चालवायला पुण्याहून एमबीए करून आलेला भाचा आहेच. त्याला फॅसिलिटेटर म्हणा. मास्तर म्हणालात तर मानधन निम्मं करावं लागेल. तो सुरुवातीला प्रत्येकाला विचारेल, ‘तुम्ही नमकीन असता तर कुठलं असता?’ हिशेबाचे काका ‘साधी शेव’ म्हणून पटकन खाली बसतात. ‘लौंग शेव’ म्हणायचं धाडस फक्त विक्रीवाल्यांचं. यात पाऊण तास जातो आणि वातावरण छान होतं.

आता बोलवायचं कुणाला? जाणकार सांगतात, सातपेक्षा जास्त माणसं नकोत. आपल्याकडे सातांत घरचेच मावत नाहीत. मेहुणे, सीए, डिझाइनवाला, डिझाइनवाल्याचा मित्र असे वीस-बावीस होऊ द्या. पॅकिंगवरच्या मावशींना मात्र चुकूनही बोलावू नका, कारण त्यांना कारण माहीत असतं. त्या उभ्या उभ्या सांगून मोकळ्या होतील, ‘दादा, शेवेचा चुरा सीलमध्ये अडकतो. लाइट जाऊन आली की पट्टी नीट तापायच्या आतच पाकिटं काढायला लावतात. वरून बंद दिसतं, आतून श्वास घेतं.’ पटत नसेल तर पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबतील आणि शिवणीतून निघणारे बुडबुडे दाखवतील. सकाळी साडेनऊलाच उत्तर मिळालं तर दुपारच्या जेवणाच्या ताटांचं काय करायचं? आणि भाच्याच्या शंभर स्लाइडचं?

एक पथ्य मात्र तुम्हाला जाचेल, म्हणून आधीच सांगतो. जगभर हल्ली म्हणे आधी सगळ्यांना गप्प बसवून एकेकट्याने लिहायला लावतात. त्यामागे जुना अनुभव आहे. जाहिरातवाले अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी घोळक्याने कल्पना काढायची पद्धत लोकप्रिय केली, पण १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात उलटंच दिसलं. चार जणांच्या गटाला जेवढं सुचलं, त्यापेक्षा एकेकटे बसलेल्या चौघांचं मिळून जास्त भरलं. असेल. पण ते येल होतं. इंदुरी माणसाला दहा मिनिटं गप्प बसवून दाखवा, मग बोलू. आपल्याकडे सगळ्यांत आधी शेठनी बोलावं. ‘मला वाटतं पाकिटाचा रंग चुकलाय,’ एवढं त्यांनी म्हटलं की बाकीच्या एकवीस चिठ्ठ्यांवर रंगाशिवाय दुसरं काही येत नाही. एकमत म्हणतात ते हेच.

मतदानाला टिकल्या वापरा, पसंतीच्या चिठ्ठीवर चिकटवायच्या. पहिली टिकली शेठनी चिकटवायची, म्हणजे बाकीच्यांना कुठे चिकटवायची हे शोधत बसावं लागत नाही.

मग येतो ‘पाच वेळा का’चा खेळ. हा टोयोटाचा. तिथले इंजिनिअर ताईइची ओनो ‘का’ विचारत विचारत थेट अशा जागी पोचायचे, जिथे पाना घेऊन काहीतरी दुरुस्त करता येईल. आपण ‘का’ विचारत अशा जागी जायचं, जिथे हॉलमधलं कुणी सापडणार नाही. शेव का सादळली? हवा दमट. का दमट? पाऊस. पाऊस का? मान्सून. मान्सून कुठून? अरबी समुद्रावरून. पाचव्या ‘का’ची वेळच येत नाही, चौथ्यालाच समुद्र दोषी ठरतो आणि सगळे निर्धास्त मनाने जेवायला उठतात.

शेठनी दीपप्रज्वलन, पहिलं मत आणि पहिली टिकली उरकून निघून जावं, चार वाजता परत यावं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना भलताच प्रकार होता. कामगारांनी सुचवलेल्या गोष्टींवर साहेबाला तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत हो किंवा नाही म्हणावं लागे. फार तर ‘आणखी माहिती आणा’ म्हणायची मुभा, तीही मुदत घालून. असला आचरटपणा आपल्याला परवडणार नाही. शेठनी भिंतीकडे पाहून दोनदा मान डोलवावी, ‘बघू’ म्हणावं आणि फोटोला उभं राहावं.

चिठ्ठ्यांचा यात काही दोष नाही हो. १९८० पासून अमेरिकाभर विकल्या जाताहेत, आणि सहज निघून याव्यात म्हणूनच त्यांचा गोंद हलका आहे. वरचा पंखा लावला की संध्याकाळी निम्मे निर्णय आपोआप जमिनीवर येतात. उरलेल्यांचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ग्रुपला नाव द्या ‘कुरकुरीत २.०’. दोन दिवस त्यावर अंगठे येतील, मग गुड मॉर्निंग.

ठरलेल्यातलं एक मात्र नक्की अमलात आणा, पाकिटाचा नवा रंग. त्यावर ठळक अक्षरांत ‘हवाबंद’ छापा. छपाईचा खर्च पाहून पॅकिंगच्या मशीनची नवी पट्टी पुढच्या वर्षावर ढकला.

ऑक्टोबर सरला की माळव्याची हवा कोरडी होते आणि पेट्या परत येणं थांबतं. हे यश वर्कशॉपचंच, लगेच जाहीर करून टाका. भाच्याला शाल-श्रीफळ द्या. आणि पुढच्या ऑगस्टसाठी हॉल आत्ताच बुक करा, लग्नसराई नसते, स्वस्तात मिळेल.