हिवाळ्यातच विजेता ठरवण्याचे शास्त्र

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि मार्चअखेरीस पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात कोणताही संघ एकही सामना हरत नाही. त्यामुळे संघांचे मूल्यमापन करण्यास यापेक्षा उत्तम काळ नाही, ही गोष्ट नवोदित जाणकाराने प्रथम मनावर बिंबवून घ्यावी. न्यू जर्सीत स्थायिक होऊन न्यूयॉर्क मेट्सच्या नादी लागलेल्या मराठी वाचकाला तर या शास्त्राची विशेष गरज आहे.

पहिला नियम असा की, खेळाडूच्या वयाकडे न पाहता करारातील आकड्याकडे पाहावे. २०२२च्या हंगामात १०१ सामने जिंकलेल्या मेट्सने त्या हिवाळ्यात जस्टिन व्हर्लँडर या पिचरला (म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला) दोन वर्षांसाठी सुमारे ८ कोटी ६७ लाख डॉलर देऊ केले. व्हर्लँडर चाळिशीला टेकला होता आणि त्याच्या जोडीला असलेला मॅक्स शर्झर अडतीस वर्षांचा होता; पण दोघांचेही वार्षिक मानधन ४ कोटी ३३ लाखांच्या घरात असल्याने त्यांच्या खांद्यांची चिंता करणे अशिष्टपणाचे ठरले असते. शिवाय एडविन डियाझ या क्लोजरशी, म्हणजे शेवटी येऊन विजय राखणाऱ्या पिचरशी, पाच वर्षांचा १० कोटी २० लाखांचा करार झाला आणि ब्रँडन निमोला आठ वर्षांसाठी १६ कोटी २० लाख मिळाले. अशा संघाला आपण निःशंकपणे ‘अ’ श्रेणी द्यावी आणि वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीची, तिकिटे कधी विक्रीला येतील याची चौकशी सुरू करावी. पुढे मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांतील स्पर्धेतील एक विजय साजरा करताना डियाझच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा अख्खा हंगाम बुडाला, व्हर्लँडर पहिल्याच दिवशी दुखापतग्रस्तांच्या यादीत गेला आणि मेट्स ७५ सामने जिंकून ८७ हरले. हे सारे घडले ते आपण श्रेणी दिल्यानंतर, तेव्हा त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. संघाचे धनाढ्य मालक स्टीव्ह कोहेन यांना त्या वर्षी लक्झरी टॅक्सपोटीच (पगारावरील खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास लीग आकारते तो दंड) १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली, पण करभरणा हाही एक विक्रमच असतो.

वैद्यकीय तपासणीविषयी मात्र जरा जपून लिहावे. त्याच हिवाळ्यात कार्लोस कोरेया या खेळाडूचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाशी १३ वर्षांसाठी ३५ कोटींना ठरले होते, परंतु त्याच्या पायाचे जुने दुखणे तपासणीत खटकले आणि पत्रिकेत मंगळ निघाल्यावर मोडावे तसे ते स्थळ मोडले. मेट्सने लगेच १२ वर्षांसाठी ३१ कोटी ५० लाखांची तयारी दाखवली, आणि मग त्यांनाही तोच पाय दिसला. अखेर कोरेया मिनेसोटा ट्विन्सकडे परतला. आपण तीन आठवड्यांत तीन निरनिराळ्या संघांना विजेते घोषित करून ठेवलेले असल्यास मागील दोन लेखांचा उल्लेख न करणे इष्ट.

उधळपट्टी आणि दूरदृष्टी यांतील भेद वाचक हमखास विचारतील. त्यांना टेक्सास रेंजर्सचे उदाहरण द्यावे. २०२१च्या अखेरीस या संघाने कोरी सीगर आणि मार्कस सिमियन या दोन खेळाडूंवर मिळून ५० कोटी डॉलर लावले. पुढच्या हंगामात संघाने ९४ सामने गमावले, तेव्हा ती उधळपट्टी होती. २०२३ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा ती दूरदृष्टी झाली. करारातील एक अक्षरही मधल्या काळात बदलले नव्हते. मेट्सला सोडून १८ कोटी ५० लाखांना रेंजर्सकडे आलेला पिचर जेकब डीग्रॉम त्या विजयी हंगामात फक्त सहा सामन्यांत पिचिंगला उतरला, हा तपशील गाळला तरी चालेल. अंतिम फेरीतील त्यांचा प्रतिस्पर्धी ॲरिझोना डायमंडबॅक्स हा नियमित हंगामात केवळ ८४ सामने जिंकून तिथवर आला होता. हिवाळ्यात त्याच्याविषयी फारसे कोणी लिहिले नव्हते, यात दोष अर्थातच डायमंडबॅक्सचा.

होतकरू खेळाडूंबद्दल सदैव उदार असावे, कारण जो अजून मोठ्या मैदानावर उतरलेलाच नाही तो कधीही अपयशी ठरत नाही. २०२३च्या हंगामातच व्हर्लँडरला ह्यूस्टनच्या संघाला देऊन मेट्सने ड्रू गिल्बर्ट या होतकरू खेळाडूला मिळवले, तेव्हा ती भविष्याची गुंतवणूक म्हणवली गेली. दोन वर्षांनी ते भविष्य आणखी दोन पिचरांसह जायंट्सकडे रवाना झाले आणि बदल्यात हंगामाच्या उरलेल्या दोन महिन्यांसाठी एक रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरणारा बदली पिचर, आला.

आता फलंदाज हुआन सोटो. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. गंमत अशी की तो खेळलाही छान. पुढच्या हंगामात त्याने ४३ होम रन (बेसबॉलमधले षटकारच) मारले. जूनच्या मध्यापर्यंत साऱ्या लीगमध्ये सर्वोत्तम कामगिरी असलेला हा संघ शेवटच्या दिवशी मायामीत हरला आणि ८३ विजयांवर थांबला. सिनसिनाटी रेड्सही त्याच दिवशी हरले, त्यांचेही ८३च विजय होते, पण आपसांतील सामन्यांच्या हिशेबाने प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, तेच गेले.

इतक्या दीर्घ कराराचे पुढे काय होणार, असे कोणी खोचकपणे विचारलेच तर बॉबी बोनिया या माजी खेळाडूचे नाव घ्यावे. मेट्सकडून तो शेवटचा खेळला १९९९ मध्ये. लांबणीवर टाकलेल्या देण्यापोटी २०११ पासून दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात आणि २०३५ पर्यंत मिळत राहतील. मेट्सच्या मूल्यमापनात त्याला वरची श्रेणी देण्यास हरकत नाही, कारण पगार घेणाऱ्यांपैकी हंगामात दुखापत होण्याचा धोका नसलेला तो एकमेव खेळाडू आहे.