टेम्पलरांनी पवित्र प्याला दडवला म्हणे!

गेल्या पंधरवड्यात माझ्या मामेभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर टाकला आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेतल्या भाषणासाठी उतरवून घेतला. "मावशी, हे खरे आहे ना?" असे तिने मला विचारले ते भाषण पाठ झाल्यावर. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांनी जेरुसलेममध्ये शलमोनाच्या मंदिराखाली नऊ वर्षे खोदकाम केले, तेथे त्यांना येशूच्या शेवटच्या भोजनातला प्याला, म्हणजेच होली ग्रेल, सापडला, त्याच्या बळावर ते धनाढ्य झाले, तो मिळवण्यासाठी फ्रान्सच्या राजाने 13 ऑक्टोबर 1307 रोजी त्यांना पकडले आणि तेव्हापासून 13 तारखेचा शुक्रवार अशुभ ठरला, आणि 'सान ग्रेआल' (पवित्र ग्रेल) हा शब्द मुळात 'सांग रेआल', म्हणजे राजरक्त, असून चर्चने हे रहस्य 2000 वर्षे दडवून ठेवले आहे.

'2000 वर्षे दडवले' या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, शेवटच्या भोजनातल्या प्याल्याचा उल्लेख आहे, परंतु तो पुढे कोणी जपून ठेवला असे एक अक्षरही नाही. अरिमथाईकर योसेफ तेथे येशूचा देह मागून घेतो आणि कबरेत ठेवतो, प्याला घेऊन फिरत नाही. 'ग्राल' ('ग्रेल'चेच जुने रूप) नावाची गूढ वस्तू साहित्यात प्रथम येते ती 1180 ते 1190 च्या सुमारास, क्रेत्यां द त्र्वा या फ्रेंच कवीच्या पर्सेव्हाल या तरुण योद्ध्यावरच्या, अपूर्ण राहिलेल्या काव्यात. आणि तेथे तो प्यालाच नाही. एक तरुणी ते रत्नजडित पात्र घेऊन दालनातून जाते, आणि पुढे एक तपस्वी पर्सेव्हालला बजावतो की त्यात पाइक, लॅम्प्रे किंवा सॅमन मासा असेल असे समजू नकोस, त्यात मिस्सेतली, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतली, एकच पवित्र भाकर असते. म्हणजे वाचकाच्या मनात 'ग्राल' म्हटल्यावर पहिल्यांदा मासे वाढण्याचे ताट येत असणार, म्हणून तर कवीला हा खुलासा करावा लागला.

हा माझा तर्क नव्हे. त्याच काळातला एलिनांद हा फ्रुआमोंच्या मठातला सिस्टर्शियन साधू आपल्या लॅटिन बखरीत या शब्दाचा अर्थच देतो: 'ग्रादालिस' म्हणजे श्रीमंतांपुढे उंची पदार्थ मांडण्याचे रुंद, काहीसे खोलगट ताट. पुढे तो लिहितो की ही कथा लॅटिनमध्ये लिहिलेली मला कोठेच मिळाली नाही, ती केवळ फ्रेंचमध्ये काही सरदारांपाशी आहे आणि तीही पूर्ण सहजासहजी मिळत नाही. चर्चची भाषा लॅटिन होती. ज्या चर्चने हे रहस्य मुठीत ठेवले असे सांगितले जाते, त्या चर्चचाच एक बखरकार साधू ती कथा शोधत होता आणि ती त्याला आपल्या भाषेत सापडत नव्हती. माझ्या मते एवढ्या एका उताऱ्यावर हा वाद मिटायला हवा. ताटाचा प्याला झाला तो 1200 च्या आसपास, रोबेर द बोरों या दुसऱ्या कवीच्या हातून. शेवटच्या भोजनातले पात्र तेच आणि योसेफाने येशूचे रक्त त्यातच धरले, ही जोड त्याची.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्कुल्फ नावाच्या यात्रेकरूने जेरुसलेममध्ये प्रभूचा म्हणून दाखवला जाणारा चांदीचा दोन कानांचा प्याला पाहिला होता, आणि आयोनाच्या मठाचा प्रमुख ॲडम्नान याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. परंतु तो कोठे होता? येशूला क्रुसावर चढवले त्या गोलगोथापाशी, एका प्रार्थनागृहात. जाळीच्या झाकणाच्या छिद्रातून हात घालून आर्कुल्फने त्याला स्पर्शही केला. दडवलेली वस्तू लोकांना अशी हाताळू देत नाहीत.

आता खोदकाम. टेम्पलर संघ 1120 च्या सुमारास स्थापन झाला आणि जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाने त्यांना अल-अक्सा मशिदीच्या इमारतीत जागा दिली, जिला ते शलमोनाचे मंदिर म्हणत. नाव तेथून आले. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांचा प्रमुख वृत्तान्त टायरचा आर्चबिशप विल्यम याचा आहे. नऊ योद्धे आणि नऊ वर्षे हे आकडे त्याचेच, पण खोदकाम त्याच्याकडे नाही. विल्यमला टेम्पलर मुळीच आवडत नसत, आणि 1101 मध्ये सीझरिया जिंकल्यावर जेनोव्हाच्या लोकांनी नेलेल्या एका हिरव्या पात्राची नोंद मात्र तो आवर्जून करतो. अशा माणसाने येशूचा प्याला सापडल्याची कुणकुण लागूनही गप्प बसावे, हे संभवत नाही. शिवाय त्या काळी अवशेष, म्हणजे येशूशी किंवा संतांशी जोडलेली पूज्य वस्तू, सापडला की त्याची दवंडी पिटली जात असे. 1098 मध्ये अँटिऑकच्या चर्चमध्ये जमीन खणून पीटर बार्थोलोम्यूने 'पवित्र भाला', म्हणजे क्रुसावरच्या येशूला भोसकलेला भाला, काढला, तेव्हा क्रूसयोद्ध्यांचे सगळे सैन्य हर्षभरित झाले, आणि पुढे शंका घेणाऱ्यांसमोर खरेपणा सिद्ध करण्यासाठी तो आगीतून चालला व काही दिवसांनी मेला.

राजाने प्याल्यासाठी टेम्पलरांना पकडले, या विधानाने तर माझा संयम सुटतो. हा राजा, चौथा फिलिप, नवव्या लुईचा नातू. या आजोबाने 1239 मध्ये येशूचा म्हणून पूजला जाणारा काट्यांचा मुकुट 1,35,000 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मोजून मिळवला आणि त्याच्यासाठी पॅरिसमध्ये सेंत-शापेल हे प्रार्थनागृह बांधले. ज्या घराण्याने अवशेषापायी एवढा पैसा ओतला, त्या घराण्याच्या राजाला प्याल्याचा नुसता संशय असता, तर आरोपपत्रात तो पहिल्या ओळीत आला असता. आरोप होते ते ख्रिस्ताला नाकारण्याचे, क्रुसावर थुंकण्याचे आणि एका मस्तकाची पूजा करण्याचे. ग्रेलचे नाव त्यांत नाही. राजाला पैसा हवा होता. नाणे त्याने आधीच हिणकस केले होते आणि 1306 मध्ये ज्यूंना हाकलून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. टेम्पलरांपाशी जमिनी, देणग्या आणि सावकारी होती, त्या श्रीमंतीला चमत्कार लागत नाही. छळ करून कबुल्या घेतल्या गेल्या, आणि मे 1310 मध्ये पॅरिसजवळ 54 जणांना जिवंत जाळण्यात आले, कारण त्यांनी त्या कबुल्या मागे घेतल्या होत्या. खोट्या आरोपांखाली मेलेल्या या माणसांना खजिन्याचे राखणदार बनवणे म्हणजे त्यांच्यावर आणखी एक खोटी गोष्ट लादणे आहे.

टेम्पलर आणि ग्रेल यांची सांगड अगदीच हवेतली नाही, हेही सांगून टाकते. वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या जर्मन 'पार्त्सिफाल' काव्यात ग्रेलच्या रक्षकांना 'टेम्प्लाइझे' म्हटले आहे. परंतु त्याच काव्यात ग्रेल हा एक दगड आहे. मामेभावाने रक्षक घेतले आणि दगड सोडला.

शुक्रवारचे काय? 13 ऑक्टोबर 1307 हा शुक्रवारच होता, पण त्या दिवसाशी अपशकुनाची गाठ आधुनिक लोकांनी मारली आहे. 'सांग रेआल' हा तर शब्द चुकीच्या जागी तोडण्याचा प्रकार, मूळ कथांनंतर दोनेक शतकांनी सुरू झालेला. या रीतीने 'नागपूर' हे नागांनी आणलेल्या पुराचे गाव ठरेल.

हे सर्व गटावर लिहिल्यावर मामेभावाचे एका ओळीचे उत्तर आले: "मग व्हॅलेन्सियात आहे तो कोणता?" व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये अकीक दगडाचा एक प्याला खरोखरच आहे. तो 1399 मध्ये सान हुआन दे ला पेन्या मठातून आरागोनच्या मार्टिन राजाकडे आणि 1437 मध्ये कॅथेड्रलकडे आला. 1982 मध्ये आणि 2006 मध्ये दोन पोपांनी तो मिस्सेत वापरला, आणि आजही तो काचेआड सर्वांना दिसेल असा ठेवलेला आहे. भाचीने भाषणाचा कागद माझ्याकडून परत नेला असून 'दडवला' हा शब्द तिने सध्या खोडला आहे.