हे 'प्राचीन टोळीवैर' नव्हतं
लेखात आफ्रिकेतल्या रवांडा देशातल्या १९९४ च्या हत्याकांडाला 'शतकानुशतकांचं टोळीवैर' म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. मारणारे हुतू आणि मारले गेलेले तुत्सी, दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. डोंगर तेच, देव तेच. राजेशाहीत विषमता होतीच, पण गुरंढोरं वाढली की हुतू घराणं कधीकधी तुत्सी गणलं जाई. ती वाट बुजवली बेल्जियन राजवटीनं, १९३० च्या दशकात ओळखपत्रं वाटून. त्यावर हुतू, तुत्सी, त्वा (तिसरा, छोटा समाज) असे शब्द छापलेले. लागू नसलेल्या शब्दांवर काट मारलेली. बापाची जात तीच पोराची. (आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.) १९५९ नंतर सत्ता हुतूंकडे आली, तरी कार्ड तसंच राहिलं. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड मागून माणसं कापली.