कँटरबरीशी भांडण झाले म्हणून आपली मंडळी अधांतरी झाली का?

गेले काही महिने मराठी ख्रिस्ती व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: कँटरबरीच्या गादीवर, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या जागी, बाई बसली आणि जगातली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, मंडळी फुटली. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया इंग्लंडच्या चर्चची शाखा, म्हणून आपणही फुटलो. आपल्या चर्चच्या जमिनी इंग्लंडच्या मालकीच्या. तेव्हा प्रत्येक मंडळीने आत्ताच बाजू निवडावी, नाहीतर बाप्तिस्मे आणि लग्ने ग्राह्य धरली जाणार नाहीत. परवा उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "नातीचं लग्न ठरलंय, ते चालेल ना रे?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या घाबरलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

फुटीची बातमी खोटी नाही. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मुलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झाले. १६ ऑक्टोबरला गॅफकॉन या परंपरावादी अँग्लिकन गटाचे प्रमुख, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी जाहीर केले की कँटरबरीला आम्ही केंद्र मानत नाही, आम्हीच खरे अँग्लिकन कम्युनियन (जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांचा संघ). हे गंभीर आहे आणि मला त्याचे दुःख आहे. पण बाई बसली म्हणून फूट पडली, हे कारण चुकीचे आहे. गॅफकॉन जेरुसलेममध्ये २००८ सालीच उभी राहिली. अलीकडचा वाद पेटला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये, इंग्लंडच्या चर्चने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची वाट मोकळी केली तेव्हा. गॅफकॉनमधल्या अनेकांना स्त्री बिशप मान्य नाही हे खरे, तरी त्याच गटातल्या केनिया आणि दक्षिण सुदान इथे स्त्रिया बिशप झालेल्या आहेत. आणि आपल्याकडे? चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये नंद्यालला एग्गोनी पुष्पा ललिता यांना बिशप केले. आपल्याच मंडळीने २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबानी डायोसिससाठी (एका बिशपच्या हाताखालचा विभाग) व्हायोलेट नायक यांना बिशप केले. तेव्हा आपली मंडळी फुटली नाही.

आता 'शाखा' या शब्दाकडे येतो, कारण सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. एके काळी आपण खरोखरच शाखा होतो. मुंबईची डायोसिस १८३७ ची, आणि त्या काळी इथला बिशप इंग्लंडच्या राजसत्तेच्या हुकमाने नेमला जाई. ते नाते १९२७ च्या इंडियन चर्च कायद्याने तोडले आणि १ मार्च १९३० पासून इथली अँग्लिकन मंडळी स्वतंत्र झाली. देशाच्या स्वातंत्र्याच्या सतरा वर्षे आधी! पुण्यात पंचहौदाला पवित्र नाम देवालयात उपासनेला बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? ते देवालय इंग्लंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी उभारले हे सगळे सांगतात, ही तारीख कोणी सांगत नाही.

पुढची पायरी तर आपल्या नागपूरचीच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे एका छताखाली आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. त्यामुळे आपण अँग्लिकन कम्युनियनचे सभासद आहोत तसेच रिफॉर्म्ड आणि मेथडिस्ट जागतिक संघटनांचेही आहोत. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतून आलेल्या कुटुंबाला कँटरबरीतले भांडण आपले वाटण्याचे कारणच नाही, आणि तेही आपल्याच मंडळीचे सभासद आहेत. कँटरबरीचे आर्चबिशप आपला बिशप नेमत नाहीत, पाळकाची बदली करत नाहीत, आपल्या सिनडचा, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च सभेचा, ठराव फिरवू शकत नाहीत. हे अधिकार त्यांना इंग्लंडबाहेरच्या कुठल्याच अँग्लिकन प्रांतात नाहीत. तिथे पोपसारखे पद कधी नव्हतेच.

जमिनीचे उत्तर छोटे आहे. महाराष्ट्रात चर्चच्या बहुतेक मालमत्ता इथेच नोंदलेल्या विश्वस्त संस्थांच्या नावावर असतात, आणि त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. वाद झाला तर धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कोर्टात जावे लागते. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितले: नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता हलत नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. आपल्याच देशातल्या मंडळीच्या ठरावाने जी जमीन हलत नाही, ती रवांडातल्या किंवा लंडनमधल्या पत्रकाने कशी हलेल? आपल्या जमिनींना खरा धोका असलाच तर तो इथल्या व्यवहारांतून, आणि त्याबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही.

आजींच्या नातीचे लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होईल. पाळक त्या कायद्याने लग्न लावायला अधिकारी असले, रीतसर नोटीस आणि नोंद झाली, की झाले. बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने होतो. त्यात कँटरबरीचे नाव कुठे येते?

राहता राहिले बाजू निवडणे. एकट्या स्थानिक मंडळीला तसा अधिकार नाही आणि घाईही नाही. खुद्द अँग्लिकन कम्युनियनमध्ये कँटरबरीचे केंद्रस्थान कमी करण्याच्या सूचना डिसेंबर २०२४ मध्येच नैरोबी-कैरो प्रस्ताव म्हणून पुढे आल्या आहेत. त्यावर आपले मत द्यायचे असेल तर स्थानिक मंडळीची पास्टरेट कमिटी, मग डायोसिसची कौन्सिल, मग सिनड, हा आपला रस्ता आहे. फॉरवर्डखाली अंगठा दाबून मत नोंदले जात नाही. त्या प्रस्तावांवर आपल्याकडे मराठीतून चर्चा व्हावी असे पत्र मी आमच्या कमिटीच्या सचिवांकडे दिले आहे. आणि आजींना सांगितले, पत्रिका छापायला टाका.