हिशोबनिसाचा पगार कुठे दाखवायचा?

परवा रात्री साडेअकराला आमच्या ताईचा फोन. "ओटीपी आला का बघा." माझ्या मोबाईलवर काहीच नव्हतं. मग लक्षात आलं, तो अध्यक्षांच्या नंबरवर गेला असणार, आणि अध्यक्ष उन्हाळ्यात रात्री मळ्यात झोपतात. तिथे रेंज नाही. ताई म्हणाली, "म्हणजे आजचाही दिवस गेला."

ताई आमच्या संस्थेची एकमेव पूर्णवेळ कार्यकर्ती. आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. आईबाप तोडीला जातात तेव्हा मुलांनी गावातच राहून शाळा करावी, एवढंच काम. मी दिवसा नोकरी करते आणि उरलेल्या वेळात संस्थेची खजिनदार आहे. मानद. म्हणजे बिनपगारी.

बाहेरच्यांना वाटतं वसतिगृहाचं काम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. खरं काम मे-जूनचं. तोडीवरून परतलेल्या घरांत जाऊन बसायचं, मुकादमाची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घ्यायच्या आत आईशी बोलायचं, यंदा पोरीला मागे ठेवशील का विचारायचं. एकदा उचल घेतली आणि कोयत्यांची, म्हणजे तोडीला जाणाऱ्या जोडप्यांची, गणती ठरली की पोरगी लहान भावंडं सांभाळायला फडावर जातेच. नेमक्या याच दिवसांत ताई लॅपटॉपसमोर बसून देणगीदारांचे पॅन नंबर भरते आहे, कारण ३१ मेच्या आत फॉर्म दहा-बीडी गेला पाहिजे. त्याचाच तो ओटीपी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२१-२२ पासून ऐंशी-जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्या प्रत्येक संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी, नाव-पत्ता-ओळख क्रमांकासकट, आयकर खात्याला द्यावी लागते. मग पोर्टलवरून प्रत्येकाचं प्रमाणपत्र काढून पाठवायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. एका वर्षी आम्हाला नऊ दिवस उशीर झाला. चूक शंभर टक्के माझी, मी तारीख जूनअखेर धरून बसले होते. १८०० रुपये मी खिशातून भरले, कारण ते संस्थेच्या वहीत कुठल्या नावाने टाकायचे ते सुचेना.

नियम मुळात चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खोट्या पावत्या फाडून कर वाचवून देणारी दुकानं आमच्याच क्षेत्रात आहेत, आणि त्यांच्यामुळे आमच्याकडेही लोक संशयाने बघतात. हिशोब मागा, जरूर मागा. माझं भांडण वेगळं आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत आलेला प्रत्येक कायदा आमचा कागद वाढवतो आणि त्याच वेळी तो कागद करणाऱ्या माणसाच्या पगाराकडे उधळपट्टी म्हणून बघतो.

परदेशी देणगीचा कायदाच घ्या. तो पहिल्यांदा आला १९७६ साली, आणीबाणीत. २०१० मध्ये नवा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याला मोठी दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. ऐकायला छान वाटतं, पैसा गरिबांपर्यंत जाऊ दे, ऑफिसात कशाला मुरायला हवा! पण प्रशासकीय खर्च कशाला म्हणायचं ते नियमांत वाचा. ऑफिसचं भाडं, वीज, टेलिफोन, प्रवास, वकिलाची फी, व्यवस्थापनातल्या माणसांचे पगार, आणि निधीचा हिशोब ठेवायला येणारा खर्चसुद्धा त्यातच. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार यात धरत नाहीत, ते ठीक. पण सरकारने मागितलेला हिशोब सरकारला देण्यासाठी ठेवलेला माणूस मात्र यातच जातो.

आम्हाला त्या दुरुस्तीतलं दुसरं कलम जास्त लागलं. आमच्याकडे या कायद्याची नोंदणी होती, पण परदेशातल्या देणगीदाराला इंग्रजीत प्रस्ताव लिहून पाठवायचा आणि सहा महिने ईमेल करत राहायचं ही आमची ऐपत नव्हती. शहरातली एक मोठी संस्था ते करायची आणि त्यातला वाटा आमच्यासारख्या चार-पाच छोट्या संस्थांना द्यायची. वरून प्रशिक्षण द्यायची, हिशोब तपासून घ्यायची. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देण्यावरच पूर्ण बंदी आली. दोन्हीकडे नोंदणी असली तरीही. तिकडच्या सरांनी फोन करून सांगितलं, "आता आमच्याकडून एक रुपयाही देता येणार नाही." पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तरी सगळे सोपस्कार आम्ही पार पाडले. परदेशी निधीसाठी प्रत्येकाला दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढणं सक्तीचं झालं होतं. इथल्या शाखेतून कागद पाठवून आम्हीही काढलं. विश्वस्तांचे आधार दिले. त्या खात्यात आजवर एक डॉलर आलेला नाही. पण वर्षाच्या शेवटी शून्य रुपयांचं विवरणपत्र भरावंच लागायचं.  नोंदणीची पाच वर्षं संपली तेव्हा आम्ही नूतनीकरणाच्या वाटेला गेलो नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या मोठ्या प्रमाणात वैध ठरवल्या; परदेशी देणगी घेणं हा काही निरपवाद हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आधारऐवजी पासपोर्ट चालेल, एवढी सवलत मिळाली. आमच्या विश्वस्तांत पासपोर्ट असलेला एकही माणूस नाही, हे आपलं सहज सांगितलं.

आता कुणीतरी म्हणेल, परदेशी पैसा कशाला, सीएसआर आहे की. आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. हा कायदा आला नसता तर अनेक चांगली कामं उभी राहिली नसती हे मी मानते. आमच्या वसतिगृहाची पाण्याची टाकी त्याच पैशातली. पण तिथेही तोच खेळ. नियमात ५ टक्क्यांची एक मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. करार करायला बसलो की तोच आकडा टेबलावरून आमच्याकडे सरकतो. एका कंपनीच्या साहेबांना मी नियम मोबाईलवर काढून दाखवला. ते हसले. "मॅडम, आमची पॉलिसी आहे." त्या पाच टक्क्यांत तीन महिन्यांनी एकदा द्यायचा अहवाल, फोटो, खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र, आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्या माणसांच्या भेटीची व्यवस्था, सगळं बसवायचं. ते लोक येतात तेव्हा ताईला दोन दिवस दुसरं काही करता येत नाही.

गुप्तदानाचं मात्र सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. पदराच्या गाठीतून पाचशेच्या चार नोटा काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "नाव लिहू नका हो बाई. या हाताचं त्या हाताला कळू नये." मी पावतीपुस्तक उघडून तशीच बसले. आयकर कायद्यात निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तिथपर्यंत सूट. आजींच्या दोन हजारांनी ती मर्यादा ओलांडली जात नव्हती, पण आमच्या ऑडिटरांची सक्त ताकीद आहे, नाव-पत्त्याशिवाय पावती नाही. निव्वळ धार्मिक संस्थेला हे कलम लागत नाही. म्हणजे देवळाच्या पेटीत आजींना गुपचूप टाकता आलं असतं. आमच्याकडे नाव सांगावं लागलं. त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. मी पावतीवर आजींचंच लिहिलं आणि पावती घडी घालून दिली. त्यांना वाचता येत नव्हतं.

ऐंशी-जीची तर गंमतच झाली आहे. पूर्वी देणगी मागायला गेलं की पहिला प्रश्न असायचा, "ऐंशी-जी आहे का?" आता नोकरदार मंडळी विचारतच नाहीत. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ऐंशी-जीची वजावटच नाही. हा बदल कुणी आमच्यावर डोळा ठेवून केलेला नव्हता, करदात्याचं काम सोपं करायला केला. पण धक्का आम्हाला बसला. आणि वजावट घेणारा माणूस गेला तरी त्याची यादी भरायचं काम गेलं नाही. ताई आज ज्यांचे पॅन गोळा करते आहे त्यातल्या निम्म्या लोकांना त्या प्रमाणपत्राचा काडीचा उपयोग नाही. ते तसं बोलूनही दाखवतात. "अहो, मला नकोच आहे ते, कशाला पॅन मागता?"

सरकार ऐकतच नाही असंही नाही. पूर्वी आयकराची नोंदणी एकदा झाली की कायमची असायची. २०२० च्या वित्त कायद्याने ती दर पाच वर्षांनी नव्याने घ्यायला लावली. जुन्या संस्थांनाही सोडलं नाही. मुदती किती वेळा वाढवल्या ते आम्हीही मोजायचं सोडून दिलं. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी ही मुदत दहा वर्षांची केली. म्हणजे छोटी संस्था वेगळी असते हे कुणाच्यातरी ध्यानात आलं. हेच सूत्र बाकीच्या ठिकाणी का लावत नाहीत? वर्षाला दहा-बारा लाखांची उलाढाल असणाऱ्या संस्थेला आणि शंभर कोटींवाल्या संस्थेला कागद जवळपास सारखाच. त्यांच्याकडे अकाउंट्सचा अख्खा विभाग असतो. आमच्याकडे ताई.

आणि दोष सगळा सरकारचा नाही. "माझा पैसा थेट मुलांवरच खर्च झाला पाहिजे, ऑफिसवर नको" असं म्हणणारे माझ्या याच मित्रयादीत वीस तरी असतील. मुलं आपोआप गोळा होत नाहीत हो. त्यांच्या घरी कुणीतरी जावं लागतं, त्या कुणाला एसटीचं भाडं लागतं, आणि कुणीतरी एसटीचं तिकीट फाईलला लावावं लागतं.

गेल्या वर्षी आम्ही अर्धवेळ हिशोबनीस ठेवायचं ठरवलं होतं. महिन्याला सहा हजार. तीन देणगीदारांकडे विचारून झालं. तिघांनीही पुस्तकांसाठी पैसे दिले. पुस्तकं छान आहेत. कपाटात जागा उरलेली नाही.

असो. ओटीपी काल सकाळी आला. यादीत अजून अकरा जणांचे पॅन बाकी आहेत. ज्यांनी गेल्या वर्षी देणगी दिली आणि ताईचे तीन मेसेज वाचून सोडून दिले, त्यांनी कृपा करून आज रात्रीपर्यंत पाठवा. तिला किंवा मला. आणि कमेंटमध्ये टाकू नका, मागच्या वर्षी एकांनी टाकला होता.